तुरेवाला निवडुंग वाढतो तरी किती?

आमच्या गच्चीवर दोन कुंड्या शेजारी शेजारी आहेत. दोन्हींत मूळचा मेक्सिकोचा मॅमिलारिया इलाँगाटा हा निवडुंग. एकीत तो नेहमीसारखा, बोटांच्या झुपक्यासारखा. दुसरीत तुरेवाला, मेंदूच्या वळ्यांसारखा. दोन्ही एकाच दिवशी आणलेले. तीन वर्षांत साधा बोटभर उंच झाला, तुरेवाला जिथल्या तिथे. ‘हा खुरटला,’ असा निकाल देऊन मी त्याला जास्त पाणी घालू लागलो. पावसाळ्यात वळ्यांत पाणी साचून त्याचा एक कोपरा कुजला, तेव्हा माझे डोळे उघडले.

साध्या निवडुंगाच्या शेंड्याला वाढीचा एक बिंदू असतो. तो वर सरकतो, खोड उंच होते. तुरेवाल्यात या बिंदूची रेघ होते. मग वाढ उंचीत न जाता आडवी पसरते आणि जागा पुरेनाशी झाली की घड्या पडतात. अ‍ॅरिझोनातला साग्वारो ४० फुटांपर्यंत जातो. पण शेंड्याला तुरा आला की तोही पंख्यासारखा पसरतो. जखम, जंतुसंसर्ग, जनुकीय बदल अशी कारणे सांगतात. पुष्कळदा नेमके कारण सापडत नाही. आपल्या परसातला कोंबडा, म्हणजे कन्नडातले कोळिजुट्टु, हे फूलही याच जातीचे नवल.

मग मी पट्टी ठेवून दोरा घेतला. तुऱ्याच्या कडेवरून वळणावळणाने लावला आणि सरळ केला. साध्याच्या उंचीपेक्षा तो कितीतरी लांब भरला! तरीही स्वतःच्या मुळांवरचे तुरे बरेचदा सावकाशच वाढतात. म्हणून रोपवाटिकेत त्यांचे जोमदार निवडुंगावर कलम करतात. कलमी तुऱ्याची तुलना मुळांवरच्या साध्याशी करू नये.

गेल्या उन्हाळ्यात तुऱ्यातून दोन साधी बोटे फुटली. ‘वाढला एकदाचा!’ म्हणून मी हरखलो. पण धोका तिथेच असतो. अशी बोटे भराभर वाढतात आणि तुरा मागे पडतो. कापायला हात धजत नव्हता. अखेर स्वच्छ ब्लेडने ती बुडापासून काढली, जखम सुकू दिली आणि बोटे वेगळ्या कुंडीत लावली. दोन्ही जगली, तुराही सावरला.

तुमच्याकडे असा तुरा असेल तर पाणी बेताने घाला, पावसात आडोशाला ठेवा. आणि मोजायचाच झाला, तर दोऱ्याने मोजा.