गरिमाची आई कोण? पशुधनातील मूलपेशींविषयी

मागच्या वेळी आपण ‘ओळख म्हणजे काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न गोठ्यात नेऊ या.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ऑगस्ट २०१० मध्ये ‘गरिमा-२’ ही पारडी जन्मली. ती क्लोन होती, आणि क्लोनसाठी वापरलेली पेशी होती भ्रूणातील मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल. मूलपेशी म्हणजे काय होायचे ते अजून न ठरलेली पेशी. ती स्वतःसारख्या पेशी वाढवत राहते आणि योग्य संकेत मिळाले की स्नायू, हाड, चेतापेशी होऊ शकते.

आता कृती बघा. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयातलं स्त्रीबीज घेतलं, त्याचं केंद्रक काढलं आणि त्या जागी मूलपेशी जोडली. तयार झालेला भ्रूण दुसऱ्याच म्हशीच्या गर्भाशयात वाढला. मग आई कोण? बीज एकीचं, गर्भाशय दुसरीचं, गुणसूत्रं एका तिसऱ्याच भ्रूणाची! आणि २०१३ मध्ये गरिमा स्वतः व्याली. तिच्या पारडीला, महिमाला, मात्र हा प्रश्न पडला नाही. तिला आई कळली.

उपयोग दोन प्रकारचे आहेत. घोड्याचा कंडरा दुखावला, तर त्याच्याच अस्थिमज्जेतल्या मूलपेशी वाढवून तिथे टोचतात. या प्रौढ पेशींची झेप मर्यादित असते. दुसरा उपयोग पैदाशीचा. उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशी १९८१ मध्येच मिळाल्या. गाईच्या टिकाऊ मूलपेशी मिळायला २०१८ उजाडलं. उद्या निवडक गुणांचं जनावर फार लवकर पैदा करता येईल, अशी आशा त्यामागे आहे.

इथे आपण जरा थांबलं पाहिजे. निवड वेगाने होते, तशी चूकही वेगाने पसरते. सगळा कळप एकाच साच्याचा असेल, तर एकच रोग सगळ्यांना पुरतो. आपली पंढरपुरी म्हैस मुऱ्हाहून दूध कमी देते, पण सोलापूरकडच्या कोरड्या हवेत तग धरते. नुसत्या लिटरने मोजलं, तर ती बाद ठरेल. उलट, तिच्याच पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून तो वाण जपताही येतो. तंत्र तेच आहे.

तेव्हा ‘चांगली म्हैस कोणती’ हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते आपण ठरवतो, आणि ठरवताना ती पाळणाऱ्याला विचारायचं बहुधा विसरतो. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.