प्रश्न नेमका, तर सल्ला नेमका

‘पऱ्हाटीवर अळी दिसते, काय फवारू?’ विदर्भातल्या दर्यापूर-अकोट पट्ट्यात कपाशीचा हंगाम भरात आला की हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. उत्तरं दहा मिळतात आणि दहाही वेगळी, कारण प्रश्नातच अर्धी माहिती नसते.

पूर्ण माहिती कशी द्यावी, याचं उदाहरण राज्यातच आहे. २००८ मध्ये पानं खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन फस्त केलं. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याची ताकद शिस्तीत आहे. पीक, गाव, तारीख, किडींची संख्या ठरलेल्या तक्त्यात भरायची. कृषी विद्यापीठांतल्या तज्ज्ञांचा सल्ला त्या नोंदींवरूनच ठरतो.

गुलाबी बोंडअळीचंच घ्या. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीची वेळ. ती नुसत्या नजरेनं कळत नाही, कारण अळी बोंडाच्या आत असते. एकरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडायची. २ बोंडांत अळी निघाली की पातळी गाठली.

शेतकरी गटांनीही हीच रीत धरावी. एका चर्चेत एकच पीक, एकच अडचण. प्रश्नासोबत वाण, लागवडीची तारीख, मोजणी आणि आधीची फवारणी द्यावी. शेवटी काय केलं नि काय फरक पडला, हे एकानं लिहून ठेवावं. पुढच्या हंगामात तीच नोंद दुसऱ्याचा फवारणीचा खर्च वाचवेल. म्हणून आधी बोंडं फोडा, आकडा लिहा आणि मगच विचारा.