भाषा आणि शुश्रूषा : अमेरिकेतील हिस्पॅनिक परिचारिकांचे कार्य

रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती ह्यांच्यामधील संभाषण हा भाषाव्यवहाराचा एक विशेष प्रकार होय. त्यात एका पक्षाला वेदना असते पण तिची परिभाषा नसते; दुसऱ्या पक्षाजवळ परिभाषा असते पण वेदनेची प्रतीती नसते. उभयतांची भाषा एक असतानाही हा व्यवहार सुकर नसतो. मग ती भिन्न असेल तर काय घडते, ह्याचे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक उदाहरण वैद्यक आणि भाषाविज्ञान ह्या दोन्ही शास्त्रांच्या अभ्यासकांना परिचित आहे. १९८० साली फ्लॉरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. मूळ क्यूबाच्या असलेल्या त्याच्या कुटुंबीयांनी ‘इंतोक्सिकादो’ असा शब्द वापरला. क्यूबन स्पॅनिशमध्ये अन्नातून किंवा बाहेरच्या कोणत्याही पदार्थातून बाधा झालेल्या माणसाला हा शब्द लावतात. डॉक्टरांनी तो इंग्रजी ‘इंटॉक्सिकेटेड’चाच पर्याय मानला आणि अमली पदार्थाच्या अतिसेवनावरील उपचार सुरू केले. वस्तुतः मेंदूत रक्तस्राव झालेला होता. तो ध्यानात येईपर्यंत उशीर झाला आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे न्यायालयाबाहेर झालेल्या तडजोडीत सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर भरपाई ठरली.

ह्या प्रकरणाचा खरा बोध ‘दुभाषा नव्हता’ एवढाच नाही. दुभाष्याची आवश्यकताच कोणाला वाटली नाही, कारण दोन्ही पक्षांना आपण एकमेकांना समजलो आहोत असे वाटत होते. सर्वस्वी अनोळखी शब्द ऐकणाऱ्याला सावध करतो. ओळखीचा भासणारा शब्द त्याला निश्चिंत करतो. औषधाच्या चिठ्ठीवरील इंग्रजी ‘वन्स’ ह्या शब्दाची गोष्ट अशीच आहे. त्याच अक्षरांचा स्पॅनिश शब्द ‘ओन्से’ असा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ ‘अकरा’ असा होतो. दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी त्यामुळे दिवसातून अकरा वेळा घ्यावयाची ठरू शकते. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स विभागातील औषधदुकानांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तीत संगणकाने भाषांतरित केलेल्या स्पॅनिश चिठ्ठ्यांपैकी जवळजवळ निम्म्या सदोष आढळल्या.

अशा परिस्थितीत रुग्णाचीच भाषा बोलणारी परिचारिका ही केवळ सोय राहत नाही. अमेरिकेत हा विचार संघटित स्वरूपात मांडण्याचे श्रेय मुख्यतः इल्दाउरा मुरिलो-रोदे ह्या विदुषीकडे जाते. १९२० साली पनामात जन्मलेल्या मुरिलो-रोदे १९४५ साली टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे आल्या. त्या नगरात मेक्सिकन वंशाची वस्ती मोठी, रुग्णालयांत स्पॅनिश बोलणारे रुग्ण पुष्कळ, पण त्यांची भाषा जाणणाऱ्या परिचारिका अत्यल्प, हे त्यांच्या तेथेच लक्षात आले. शुश्रूषाशिक्षण आणि पुढील विद्यापीठीय अभ्यास पुरा करून १९७१ साली न्यूयॉर्क विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. संशोधन व शिक्षण ह्यांसाठीच्या अनुदानांची छाननी करण्यासाठी त्या वॉशिंग्टनला जाऊ लागल्या, तेव्हा तेथील समित्यांत आपल्याखेरीज दुसरी हिस्पॅनिक परिचारिका नाही असे त्यांना दिसून आले. पैसा कोणत्या आजारावर, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या भाषेतील शिक्षणावर खर्च व्हावा ह्याचा निर्णय जेथे होतो, तेथेच आपल्या समाजाचे माणूस नाही, ही उणीव त्यांना रुग्णालयातील उणिवेपेक्षाही अधिक मूलगामी वाटली. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अमेरिकन परिचारिका संघाचे अधिवेशन भरले असता स्पॅनिशभाषक परिचारिकांचा एक गट एकत्र आला. त्यातूनच १९७५ साली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि मुरिलो-रोदे तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. २०१० साली त्यांचे निधन झाले.

ह्या संघटनेच्या नावाचा इतिहास भाषाभ्यासकाने अवश्य पाहण्याजोगा आहे. आरंभीच्या नावात ‘स्पॅनिश बोलणाऱ्या’ आणि ‘स्पॅनिश आडनावाच्या’ अशी दोन विशेषणे जोडीने होती. पहिले भाषेवरून, दुसरे कुलनामावरून. दोन्हींची गरज पडली, कारण अमेरिकेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या कित्येक कुटुंबांत आडनाव टिकले होते पण भाषा निसटत चालली होती. १९७९ साली ह्या जोडनावाऐवजी ‘हिस्पॅनिक’ हा एकच शब्द स्वीकारण्यात आला. तो काळही लक्षात घेतला पाहिजे. १९७६ सालच्या एका कायद्याने स्पॅनिश मूळ असलेल्या नागरिकांची स्वतंत्र आकडेवारी गोळा करण्याचे बंधन केंद्र सरकारवर घातले होते, आणि १९८० च्या जनगणनेत ‘हिस्पॅनिक’ ही संज्ञा सर्वत्र वापरात आली. जोवर मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन असे समूह वेगवेगळे मोजले जात किंवा ‘गोऱ्यां’च्या स्तंभात विरून जात, तोवर त्यांच्यातील मधुमेहाचे वा बालमृत्यूचे प्रमाण निराळे आहे असे आकड्यांनी सिद्ध करणे कठीण होते. संज्ञा कृत्रिम खरी, आणि तिच्याविषयी त्या समाजातच मतभेद आहेत. परंतु आरोग्यविषयक मागणीला जो पुरावा लागतो तो ह्या कृत्रिम संज्ञेमुळेच उपलब्ध झाला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

२०२० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेतील हिस्पॅनिकांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पाहणीत नोंदणीकृत परिचारिकांत त्यांचे प्रमाण ५.६ टक्के आढळले. २०२२ च्या पाहणीत ते ६.९ टक्क्यांवर आले. अंतर किती मोठे आहे हे ह्यावरून उघड आहे.

परंतु परिचारिकेचे स्पॅनिश म्हणजे नुसता शब्दांना प्रतिशब्द नव्हे. मराठीतील तू, तुम्ही, आपण ह्यांच्याप्रमाणे स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असा भेद आहे. वृद्ध रुग्णाला ‘उस्तेद’ म्हणणे हे ‘रेस्पेतो’चे, म्हणजे मान राखण्याचे, चिन्ह होय, तो मान राखला गेला नाही तर रुग्ण उलट बोलत नाही, नुसता मान डोलावतो आणि घरी जाऊन गोळ्या घेत नाही. ‘कोन्फियान्सा’, म्हणजे विश्वासाची जवळीक, निर्माण झाल्यावाचून तो घरगुती उपचारांची गोष्ट काढीत नाही. मेक्सिकन परंपरेत ‘एम्पाचो’ नावाचे एक दुखणे मानतात. पोटात अन्न चिकटून बसल्याने ते होते अशी समजूत आहे. त्यावर ‘आसार्कोन’ आणि ‘ग्रेता’ अशी दोन चूर्णे देण्याची चाल काही कुटुंबांत होती. १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन आरोग्याधिकाऱ्यांच्या ध्यानात आले की, ही दोन्ही शिशाची संयुगे असून मुलांना त्यांपासून विषबाधा होत आहे. आसार्कोन म्हणजे रासायनिक दृष्ट्या आपला शेंदूरच. आता ‘मुलाला काही औषध दिले का?’ ह्या प्रश्नाला आई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हे. ‘एम्पाचो झाला होता का, आणि त्यावर काय दिलेत?’ असे विचारणारीला मात्र उत्तर मिळते. तो प्रश्न विचारण्यासाठी ती संज्ञा अवगत असावी लागते, आणि ती उच्चारताना चेहऱ्यावर उपहास नसावा लागतो.

संमतीचा प्रश्न ह्याहूनही गंभीर आहे. लॉस अँजेलिस येथील एका सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी झालेल्या निर्बीजीकरणाविरुद्ध दहा मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांनी १९७५ साली दावा लावला. तो ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. संमतिपत्रे इंग्रजीत होती आणि काहींच्या सह्या वेणा चालू असताना घेतलेल्या होत्या. १९७८ साली न्यायाधीशांनी निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला. घडले ते परस्परांतील संपर्क तुटल्यामुळे, असे त्यांचे मत पडले. संपर्क तुटला असे कर्तृत्वहीन क्रियापद वापरले की तो कोणी जोडावयाचा होता हा प्रश्न उरतच नाही, हे व्याकरणाच्या अभ्यासकाला सांगावयास नको. तथापि त्याच सुमारास केंद्र सरकारने नियम केले आणि निर्बीजीकरणापूर्वी तीस दिवसांचा अवधी देणे व रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती पोहोचविणे बंधनकारक झाले.

परिचारिकांच्या संशोधनाने ह्या कार्याला शास्त्रीय आधार दिला. टेक्सासच्या सीमेवरील स्टार परगण्यात मधुमेही मेक्सिकन-अमेरिकनांसाठी शॅरन ब्राउन ह्या शुश्रूषाशास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅनिशमधून वर्ग चालविले. शिकविणारे लोक त्याच समाजातील, आणि आहाराचा विचार तेथील नित्याच्या जेवणाला धरून, नातलगांना बरोबर घेऊन. २५६ व्यक्तींवरील हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला आणि वर्गात आलेल्यांच्या रक्तशर्करेवरील नियंत्रणात स्पष्ट सुधारणा दिसली. ह्याच संघटनेच्या अध्यक्षपदी राहिलेल्या आणि २०१४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शुश्रूषाविद्यालयाच्या अधिष्ठाता झालेल्या अँतोनिया व्हियारुएल ह्यांनी हिस्पॅनिक किशोरांतील एच.आय.व्ही.च्या प्रतिबंधासाठी ‘कुइदाते’ नावाचा अभ्यासक्रम रचला. ‘स्वतःला जप’ असा त्याचा अर्थ. कुटुंबनिष्ठा आणि पुरुषत्वाची कल्पना ह्यांना अडथळा न मानता, जपणे हेच कुटुंबाविषयीचे आणि पुरुषाचे कर्तव्य, अशी मांडणी त्यात केलेली आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. आडनाव स्पॅनिश आहे एवढ्यावरून परिचारिकेला दुभाष्याच्या कामी बोलावण्याची पद्धत रुग्णालयांत रूढ झाली. तिच्या वाट्याचे रुग्ण तितकेच राहतात आणि हे काम वर येते, बहुधा विनावेतन. शिवाय घरात ऐकून आलेली भाषा स्वयंपाकघराला पुरते. यकृताचा वा गर्भाशयाचा विकार समजावून देताना तीच भाषा अपुरी पडते. म्हणून प्रशिक्षित दुभाषे आणि भाषाकौशल्याची परीक्षा ही मागणी परिचारिकांच्या संख्येच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे. तिला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार होता. ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने तो अधिक स्पष्ट झाला. १ मार्च २०२५ रोजी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरविणाऱ्या नव्या आदेशाने तो जुना आदेश रद्द करण्यात आला. १९६४ चा कायदा आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील भेदभावविरोधी कलम मात्र त्याने रद्द झालेले नाही.

आणि स्पॅनिश येणे म्हणजे सर्व हिस्पॅनिकांशी बोलता येणे असेही नव्हे. ग्वाटेमालातून आलेल्या कित्येकांची मातृभाषा माम किंवा किचे ह्या मायाकुलातील भाषांपैकी असते, ओआहाकातून आलेल्या शेतमजुरांची मिश्तेक. कागदोपत्री ते ‘हिस्पॅनिक’, आणि रुग्णालयात त्यांच्यासाठी स्पॅनिश दुभाषा बोलाविला जातो. तो विचारतो, ते ‘सी’ म्हणतात, आणि नोंदवहीत संभाषण पूर्ण झाल्याची खूण पडते.