विषारी जमिनीवरचा हिरवा उतारा

तमिळनाडूतील राणीपेट येथे १९९०च्या दशकात बंद पडलेल्या एका क्रोमेट कारखान्याने दीड लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त कचरा मागे ठेवला. पावसाळ्यागणिक त्यातील विषारी षट्‌संयुजी क्रोमियम भूजलात उतरत गेले. उत्तर प्रदेशातील कानपूर देहातमधल्या रनियाची कथाही वेगळी नाही. सेंद्रिय कचरा कुजतो. जड धातू मात्र नष्ट होत नाहीत. ते केवळ रूप किंवा जागा बदलतात.

अशी माती खणून अन्यत्र पुरणे अतिशय खर्चिक असते. म्हणूनच वनस्पतींकरवी शुद्धीकरणाचा पर्याय आकर्षक वाटतो. मोहरी शिसे व कॅडमियम शोषून पानाखोडांत साठवते. नेच्याची एक जात आर्सेनिक मोठ्या प्रमाणात साठवते, हे फ्लोरिडातील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले. ती जात भारतातही आढळते. वाळ्याची पद्धत निराळी. तो धातूंना मुळांपाशीच रोखतो आणि मातीची धूप थांबवतो.

परंतु या उपायाच्या मर्यादा धोरणकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हव्यात. वनस्पतींचे काम मुळांच्या आवाक्यापुरतेच चालते. खोलवरचे भूजल त्याबाहेर राहते. कचऱ्याच्या ढिगावर तर बहुतेक झाडे तगतच नाहीत. मध्यम प्रदूषित शेतालाही अनेक हंगाम, कधी दशके लागतात. शिवाय कापलेले पीक हा स्वतःच घातक कचरा असतो. मोहरीची तीच पाने भाजी किंवा वैरण म्हणून वापरली गेली, तर जमिनीतले विष थेट ताटात येईल. त्यामानाने वाळा किंवा गवती चहा सुरक्षित ठरतो. केवळ तेलासाठी घेतल्यास तो खाण्यापिण्यात येत नाही आणि ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलात धातू सहसा उतरत नाहीत. शेतकऱ्यालाही त्यातून काही उत्पन्न मिळू शकते.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याचे तत्त्व त्यांत आहे. त्याची अंमलबजावणी करताना क्रम चुकता कामा नये: आधी ढीग हलवणे किंवा बंदिस्त करणे, मग भूजलावर प्रक्रिया आणि त्यानंतर भोवतालच्या शेतांत वनस्पतींची योजना. कापणीनंतरच्या विल्हेवाटीची व मातीच्या नियमित तपासणीची तरतूदही पहिल्याच अंदाजपत्रकात हवी. जमीन पडीक राहील त्या काळात शेतकऱ्याला भरपाई मिळाली नाही, तर तो नाइलाजाने तेथे पुन्हा अन्नधान्यच पेरील.

वनस्पती मातीचे ऋण फेडू शकतात. मात्र ज्याने ते ऋण केले, त्याची जबाबदारी झाकण्यासाठी हिरवळीचा वापर होऊ नये.