दिल्लीच्या गच्चीवर ब्लूबेरी

दिल्लीत हौसेने लावलेल्या ब्लूबेरीची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊन बदनाम होते. खरी अडचण मातीत असते. या झुडपाला ४.५ ते ५.५ सामू लागतो, आणि यमुनेकाठची गाळमाती अल्कधर्मी. तिच्यात लोह असते, पण विरघळत नाही. त्यात ब्लूबेरीच्या मुळांना मूलरोमही नसतात. आम्ल मातीची ही गरज अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये प्रयोगांनिशी मांडली, तेव्हा कुठे रानातले हे फळ शेतात आले.

म्हणून मोठी कुंडीच बरी: धुतलेले कोकोपीट, पाइनची साल, थोडे गंधक. गंधकाचे आम्ल जिवाणू करतात आणि त्याला काही महिने लागतात, तेव्हा ते लागवडीच्या बरेच आधी मिसळावे. बोअरचे पाणी मात्र टाळाच. त्यातले बायकार्बोनेट सामू पुन्हा वर नेते. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. वाण कमी थंडीवर भागणारे, सदर्न हायबुश गटातले घ्यावे. मे-जूनमध्ये दुपारची सावली हवीच.

एवढी निगा जमणार नसेल, तर मी बेधडक फालसा सुचवेन. दिल्लीचा उन्हाळा तो सहज सोसतो, आणि त्याच्या फळातही ब्लूबेरीसारखीच अँथोसायनिन रंगद्रव्ये असतात.