पुण्यातला तांबडा रस्सा

मुले पुण्याला आणि आई-वडील गावाला, अशी आता सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांची वाटणी झालेली आहे. महिन्या-दोन महिन्यांतून आई-वडील पुण्याची फेरी करतात. कधी नातवाचा वाढदिवस, कधी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे निमित्त. रविवारी मुलगा त्यांना हौसेने हॉटेलात नेतो. कुठल्या? तर बाहेर बैलगाडीचे चाक टेकवलेले, आत भिंतीवर नांगर आणि कंदील, वेटरच्या डोक्याला फेटा आणि पाटीवर 'अस्सल कोल्हापुरी', नाहीतर 'गावरान'. म्हणजे कऱ्हाडहून १६० किलोमीटर जाऊन पुन्हा आपल्याच मुलखाचे जेवण, आणि तेही दामदुपटीने!

यात मला काही गैर वाटत नाही. आईबाबांना त्यांच्या चवीचे मिळावे ही मुलाची माया असते. मीही तांबडा-पांढरा आवडीने खाणारा माणूस आहे. पण सोमवार-मंगळवारी कऱ्हाडच्या माझ्या दवाखान्यात पुण्याहून परतलेल्यांची एक ठरावीक रांग लागते. कुणाची छाती जळते, कुणाला जुलाब, कुणाचे बीपी वर गेलेले, कुणाच्या पायाचा अंगठा रात्रीतून टोमॅटोसारखा लाल झालेला. म्हणून आज या ताटाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिल्यांदा हे लक्षात घ्या, की 'कोल्हापुरी' हे नाव शहरात गेल्यावर फार सैल झाले आहे. झणझणीत असले की ते कोल्हापुरी! 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी मला कोल्हापुरात तरी कुणाच्या घरी वाढलेली आठवत नाही. माण-खटावची बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे, कोरेगावचा वाघ्या घेवडा, वाळवा-कऱ्हाड पट्ट्यातला अख्खा मसूर, जतकडची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे खरे आमचे रोजचे जेवण. यात कडधान्य भरपूर आणि तेल बेताचे. मटण हे जत्रेचे, पाहुण्यांचे, फार तर रविवारचे. एक किलो मटण, घरात आठ माणसे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार फोडी आणि बाकी रस्सा. हॉटेलात हीच थाळी एकट्याला येते आणि वर 'रस्सा अनलिमिटेड'.

आपल्या भागाने मोठ्या शहरात बाहेरचे जेवण जेवणे नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे हजारो गडी खाणावळीत जेवत. लालबाग-परळच्या चाळीतल्या बाया दहा-वीस 'मेंबरां'ना महिन्याच्या हिशोबाने जेवू घालत. या खाणावळवाल्या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. पुढे १९८२ च्या संपाने गिरण्यांबरोबर त्या खाणावळींचेही कंबरडे मोडले. सांगायचा मुद्दा असा, की तो गडी झणझणीत कालवण खायचा आणि आठ तास साच्यापुढे उभा राहायचा. त्याचा नातू हिंजवडीत आठ-दहा तास खुर्चीत बसतो, आणि तोच रस्सा आजोबांच्या दुप्पट खातो. पदार्थ तोच आहे हो, खाणारे शरीर बदलले आहे.

आता तिखटाचे बघू. मिरची मुळात आपली नव्हे, ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. तिच्यातल्या तिखट द्रव्याला कॅप्सायसिन म्हणतात. जिभेवरच्या मज्जातंतूंना भाजल्याची खबर देणारी एक कळ असते, तीच हे द्रव्य दाबते. म्हणजे जीभ भाजत नसते, तिला भाजल्यासारखे वाटते. ही कळ शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. पक्ष्यांच्या अंगात ही कळ मिरचीला दाद देत नाही, म्हणून पोपट मिटक्या मारत मिरची खातो. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग नसतो. ताक, दही, दूध घ्या, त्यातील प्रथिने ते द्रव्य धरून नेतात.

मिरचीने पोटात अल्सर होतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूने किंवा अंगदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्यांनी होतात. जंतूचा शोध लावणाऱ्या दोघा डॉक्टरांना २००५ चे नोबेल मिळाले. मिरचीने असलेला त्रास जाणवतो, वाढल्यासारखा वाटतो, हे खरे. मूळव्याधीचेही तेच. गुदद्वाराशीही तीच भाजल्याची कळ असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी रडू येते.

मग खरा गुन्हेगार कोण? मिरचीचा तिखटपणा आणि लाल रंग दोन्ही तेलात उतरतात. गिऱ्हाइकाला कट लालबुंद दिसायला हवा, म्हणून तर्रीला तेल सढळ लागते. वाटीवर तरंगणारे तेल एकदा चमच्याने काढून बघा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, एका फुलक्यापेक्षा जास्त. आणि पांढरा रस्सा सौम्य म्हणून वाटीमागून वाटी पिणाऱ्यांनी हे ऐका, की त्यात नारळाचे दूध असते आणि बऱ्याच ठिकाणी काजू, खसखस, तीळही असतात. तिखट नाही म्हणजे हलका, असे नव्हे. दोन्ही रश्श्यांचा आधार मटणाचे पाणी. ज्यांचे युरिक ॲसिड वाढलेले आहे त्यांचा अंगठा सुजतो तो या पाण्याने, पाया-कलेजीने, आणि सोबत बिअर असेल तर तिनेही.

मिठाचा हिशोब तर कुणीच करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम सपाट चहाचा चमचाभर. रस्सा, सुके मटण, पापड, लोणचे, ठेचा आणि ताकातले वरचे मीठ मिळून ही मर्यादा एका बैठकीत ओलांडणे अवघड नाही. तरण्याताठ्याला खपून जाते. पण ज्यांचे हृदय कमजोर आहे किंवा ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना दुसऱ्या दिवशी धाप लागते आणि चपला घट्ट होतात.

डायबेटिसवाल्यांसाठी धोका ताटात नसतो, तो दारात असतो. कसा, ते सांगतो. रविवारी दुपारी नावाजलेल्या हॉटेलाबाहेर तास-दीड तास नंबर लावावा लागतो. आजोबांनी घरून निघतानाच, "आता जेवायलाच चाललोय" म्हणून गोळी घेतलेली असते किंवा इन्सुलिन टोचलेले असते. गोळी पोटात काम सुरू करते, ताट मात्र आलेले नसते. मग घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस चिडचिड करू लागतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटते, उन्हाने आणि गर्दीने वैतागले. ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत, आणि वेळीच ओळखली नाहीत तर बेशुद्धी येते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी असे होते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा होत नाही.

उपाय सोपा आहे. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर काही खायला घालावे. एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोज पावडरच घ्यायची. गोळीच्या पाकिटावर नाव बघून ठेवा आणि पुडी खिशात असू द्या. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. जेवणाआधी घ्यायची गोळी वा इन्सुलिन ताट समोर दिसल्यावरच घ्यावे. हॉटेलात पोटावर सुई टोचून घ्यायची लाज वाटते हे मी समजू शकतो, पण त्याहून बाकावरून कोसळणे अवघड.

आता सर्वांत महत्त्वाचे. वाळवा तालुक्यातले एक साठीचे शेतकरी, बीपीच्या गोळ्या चालू, तंबाखूची सवय. मुलाने पुण्यात रात्री मटण थाळीला नेले. साडेअकराला छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. तिखट बाधले म्हणून लिंबू-सोडा प्यायले. ढेकर आला, थोडे बरे वाटले, पुन्हा सुरू. घामाने बनियन भिजले. मुलगा शेजारच्या खोलीत झोपला होता. पहाटे त्यांनी गावाची एसटी धरली आणि कऱ्हाडला उतरून माझ्याकडे आले. "डॉक्टर, ॲसिडिटीचं इंजेक्शन द्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही." कार्डिओग्राम काढला तर हृदयविकाराचा मोठा झटका. तासाभरात त्यांची ॲन्जिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. पण मधले नऊ तास गेले ते गेले. हृदयाचा स्नायू एकदा मेला की परत येत नाही. आज दोन मजले चढताना त्यांना थांबावे लागते. मुलगा माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, मला उठवायचं होतंत." त्यावर ते म्हणाले, "दमून झोपला होतास रं."

जेवणानंतरची जळजळ आणि झटका यांत फरक कसा करायचा, असे मला नेहमी विचारतात. घरी बसून खात्रीने करता येत नाही, हेच त्याचे उत्तर आहे. तरी खुणा सांगतो. जळजळीबरोबर घाम, धाप, दाब पडल्यासारखे वाटणे, कळ जबड्यात, खांद्यात किंवा हातात जाणे, किंवा उलटी होऊन गळून जाणे, यातले काहीही असेल, विशेषतः वय चाळिशीपुढे आणि डायबेटिस, बीपी किंवा तंबाखू असेल, तर सोडा पीत बसू नका. डायबेटिसवाल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता घाम आणि अशक्तपणा येतो. १०८ नंबर फिरवा, किंवा जिथे कार्डिओग्राम निघतो ते जवळचे रुग्णालय गाठा. स्वतः गाडी चालवत नाही, बसने गाव गाठायचे तर मुळीच नाही. कार्डिओग्राम स्वच्छ निघाला आणि नुसती ॲसिडिटी ठरली तर शंभरदा चांगले, कुणी हसणार नाही.

साधी जळजळ असेल तर कारण बहुधा जेवून लगेच आडवे होणे. हॉटेलातून दहाला यायचे आणि साडेदहाला पाठ टेकायची, असे केले की भरल्या पोटातले आम्ल वर येणारच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. त्यापेक्षा दुपारीच जावे, हे बरे.

स्वच्छतेबद्दल थोडेसे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाण्याचा हा विकार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून पोटात जातो. म्हणून हाडाजवळ गुलाबी दिसणारे चिकन परत पाठवा, त्यात संकोच कसला? पाणी सीलबंद घ्या किंवा घरून न्या. कांदा-काकडी आधीच चिरून ठेवलेली दिसली तर सोडा, समोर चिरून मागा.

मागवायचे काय, असे आता सौभाग्यवती विचारतीलच. दोघांत एक मटण थाळी आणि एक अख्खा मसूर मागवा. भाकरी ज्वारी-बाजरीची घ्या, जिरा राईस राहू द्या. तर्री वेगळ्या वाटीत मागा आणि वरून चमचाभरच घ्या. पापड एकच मोडून वाटा. सोलकढी किंवा ताक बिनमिठाचे देतात का विचारा, बहुतेक ठिकाणी देतात.

आणि उरलेला रस्सा बांधून घेऊन एसटीतून गावी न्यायची जी आपली पद्धत आहे, ती उन्हाळ्यात तरी बंद करा. पुण्याहून कऱ्हाडला यायला तीन तास सहज लागतात, त्यात खंबाटकीला वाहने तुंबली की विचारायलाच नको. नारळाचे दूध असलेला पांढरा रस्सा तर सर्वांत आधी नासतो. गरम हवेत दोन तासांवर राहिलेले मटण घरी पुन्हा उकळले तरी त्यात काही जंतूंनी सोडलेले विष तसेच राहते. मुलाच्या फ्रीजमध्येच ठेवून या. तो दुसऱ्या दिवशी डब्याला नेईल.