पाण्याचा हिशेब

पूर्वी आपल्याकडे धान्य शेर-पायलीने मापीत असत. चार शेरांची एक पायली, हे कोष्टक मुलांना तोंडपाठ असे. परंतु एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच, असा भरवसा नसे. ही अडचण दूर व्हावी म्हणून १९५६ साली भारताने कायदा करून मेट्रिक मापे स्वीकारली.

या पद्धतीत लिटरचा जन्म लांबीच्या मापातून झाला आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली असे ठरले की, मीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे १० सेंटिमीटर, लांब, रुंद व उंच अशी पेटी घ्यावी आणि तिच्या घनफळास लिटर म्हणावे. १० × १० × १० म्हणजे १,००० घन सेंटिमीटर. लिटरचे मिलिलिटरही १,०००च. म्हणून १ घन सेंटिमीटर म्हणजेच १ मिलिलिटर होय.

आता एक मीटर लांब, रुंद व उंच अशी मोठी पेटी डोळ्यांसमोर आणा. तीत लिटरच्या किती पेट्या मावतील? घाईने ‘दहा’ म्हणू नका. तळाशी दहा-दहांच्या दहा ओळी बसतील, म्हणजे १०० पेट्या झाल्या. असे दहा थर रचले की पेटी भरेल. तेव्हा १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर.

ही चूक किती महाग पडते पाहा. समजा, दुष्काळात एका गावाजवळ ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २ मीटर खोल अशी भरलेली टाकी आहे. तिचे घनफळ २४ घनमीटर, म्हणजे पाणी २४,००० लिटर. गावात ३०० माणसे असून प्रत्येकास रोज २० लिटर पाणी दिले, तर दिवसास ६,००० लिटर लागेल व पाणी चार दिवस पुरेल. पण ज्याने दहानेच गुणले, तो टाकीत २४० लिटरच पाणी आहे असे सांगेल आणि भरल्या टाकीजवळ माणशी एक लिटरही देणार नाही!

उलट, १०,००० लिटरच्या टँकरचे पाणी किती घनमीटर? येथे १,०००ने भागावे. उत्तर १० घनमीटर. म्हणजे असे दोन टँकर रिकाम्या टाकीत ओतले, तरी ४ घनमीटर जागा उरेल.

मुलांनो, मोठ्या एककाचे लहान एकक करताना गुणावे, लहानाचे मोठे करताना भागावे, हे ध्यानात ठेवा. उद्या मोजपट्टी घेऊन आपल्या शाळेची टाकी मोजा आणि तिच्यात किती लिटर पाणी मावते, ते वर्गात सांगा.